व्हर्मीरच्या चित्रावरून तैलरंगाचे धडे: घंटाळीतील एका वर्गाचे परीक्षण

ठाण्यात चित्रकलेचे वर्ग कमी नाहीत. त्यांतले बहुतेक एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीसाठी चालतात आणि उरलेल्यांपैकी बरेच मे महिन्याच्या सुट्टीवर जगतात. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या प्रौढांना तैलरंग शिकवणारे, आणि तेही एकच चित्र हाती देऊन कित्येक महिने त्याच्यापासून हलू न देणारे वर्ग मात्र शोधावे लागतात. घंटाळी परिसरातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असा एक वर्ग भरतो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे त्याच्या काही उणिवा स्पष्टपणे मांडल्या आहेत आणि हा सारा व्याप एकाच माणसाच्या खांद्यावर उभा आहे.

वर्गाची पद्धत अशी. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाने सतराव्या शतकातील डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचे ‘दि मिल्कमेड’ हे चित्र मूळच्याच आकारात, तैलरंगात, थराथराने उतरवायचे. खिडकीशेजारी उभी राहून मातीच्या भांड्यात दूध ओतणारी एक स्त्री, टेबलावर पाव आणि पावाची टोपली, मागे जवळजवळ मोकळी भिंत, एवढाच या चित्राचा ऐवज. वर्ग आठवड्यातून एकदाच भरतो आणि अडीच तास चालतो. इतक्या संथ गतीविषयी चौकशीला येणारे लोक कुरकुरतात, परंतु माझ्या मते या वर्गाचे खरे बळ त्याच्या वेळापत्रकातच आहे.

त्याचे कारण तैलरंगाच्या स्वभावात आहे. जलरंगातले पाणी उडून गेले की रंग वाळतो. तैलरंगात उडून जाण्यासारखे फारसे काही नसते. जवसाच्या तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा चिवट पापुद्रा तयार होतो आणि ही क्रिया तिच्याच गतीने चालते. टर्पेंटाइनने पातळ केलेला अंबर या तपकिरी मातीच्या रंगाचा थर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, कारण त्या मातीतले मँगनीज वाळण्याला वेग देते. उलट आयव्हरी ब्लॅक किंवा तेलात सढळपणे कालवलेला टायटेनियम व्हाइट कित्येक दिवस चिकट राहतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत शनिवार-रविवारच्या ज्या कार्यशाळा होतात, त्यांत ओल्यावर ओला रंग लावून एका बैठकीत चित्र संपवतात. ते स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र एका थराखालून दुसरा थर झिरपताना दिसावा, सावलीत खोली यावी, पारदर्शक निळ्याखाली राखाडी छटा जिवंत राहावी, हे त्या वेळात शक्यच नसते. येथे आठवड्याने परत यावे तोवर आधीचा पातळ थर वरचा रंग सोसण्याइतका वाळलेला असतो आणि मागच्या खेपेला जे छान वाटले होते त्याच्याकडे परक्याच्या नजरेने पाहता येते. वेळापत्रक आखणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घेऊनच ते आखले आहे, हे वर्गात काही काळ काढल्यावर कळते.

तैलचित्राच्या कोणत्याही शिक्षणात एक नियम सांगितला जातो: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात अधिक. तो मोडला तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि काही वर्षांनी पृष्ठभागावर भेगा पडतात. वर्गात हा नियम फळ्यावर लिहून पाठ करवत नाहीत. शेल्फावर तीन बाटल्या असतात, त्यांवर १, २, ३ असे आकडे असतात. पहिलीत जवळजवळ सगळे टर्पेंटाइन, दुसरीत निम्मे-निम्मे, तिसरीत जवसाचे तेल वरचढ. आपण कोणत्या थरावर आहोत ते सांगायचे आणि त्या आकड्याची बाटली घ्यायची. ही साधी व्यवस्था मला फार आवडली, कारण नियमामागचे कारण पुढे हातालाच उमगत जाते.

चित्राची निवडही विचारपूर्वक झाली आहे. ‘दि मिल्कमेड’ १६६० च्या सुमाराचे असून ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्याची उंची ४५.५ सेंटिमीटर आणि रुंदी ४१ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास नेमके १८ बाय १६ इंच. ‘ओल्ड मास्टर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंतभर पसरलेली चित्रे येतात. रोमच्या सान लुईजी दे फ्रांचेसी चर्चमधील कॅराव्हाज्योचे ‘सेंट मॅथ्यूला आलेली हाक’ हे चित्र दोन्ही बाजूंनी तीन मीटरांहून मोठे आहे. तसले काही ठाण्याच्या सदनिकेत उतरवायचे तर आकार इतका लहान करावा लागेल की प्रत्येक कुंचल्याचा निर्णय मूळ चित्राहून वेगळा पडेल. व्हर्मीरच्या बाबतीत मूळ आकारातच काम करता येते आणि म्हणून त्याने कोठे जाड रंग ठेवला, कोठे नुसता बारीक ठिपका टेकवला, हे आपल्याही हाताला त्याच मापात करून पाहता येते. एक अडचण मात्र आहे. दुकानात तयार मिळणारे कॅनव्हास १२ बाय १६, १६ बाय २० अशा मापांचे असतात. १८ बाय १६ सांगून बनवून घ्यावा लागतो. वर्ग ते काम करून देतो, त्याचे पैसे वेगळे पडतात.

एका होतकरू विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारले होते, की व्हर्मीर कशाला, आपला राजा रविवर्मा का नाही? प्रश्न रास्त आहे. वर्ग चालवणाऱ्या सरांचे उत्तर असे, की नऊवारीतली स्त्री, तिचे दागिने, तिचा चेहरा हे सगळे आपल्याला इतके परिचित असते की आपण पाहायचे सोडून आठवणीतून रंगवू लागतो. व्हर्मीरच्या डेल्फ्ट या गावातल्या स्वयंपाकघरातली बाई परकी असल्यामुळे तिच्याकडे नीट पाहावेच लागते. पहिल्या चित्रापुरते हे म्हणणे मला पटले. रविवर्म्याचे चित्र वर्गात दुसऱ्या टप्प्यावर घेतात आणि रेशमी वस्त्र व सोने रंगवण्याची तयारी पाहता तोच क्रम योग्य आहे.

सुरुवात रेखाटनाने होते. कॅनव्हासवर दोन-दोन इंचांच्या ७२ चौकटी आखून त्यांत आकृती बसवायची, ही शाळेपासून ओळखीची पद्धत. त्याआधी कागदावर एक गमतीचा प्रयोग करून घेतात. व्हर्मीरच्या मूळ चित्रात स्त्रीच्या उजव्या हाताच्या थोडे वर टाचणीने पडलेले बारीक छिद्र अभ्यासकांना सापडले आहे. चित्रातल्या यथार्थदर्शनाच्या रेषा ज्या बिंदूकडे धावतात तो हा बिंदू. तेथे टाचणी टोचून, तिला खडू लावलेला दोरा बांधून, सुतार सूत मारतो तशी रेषा उमटवायची, अशी ती रीत होती असे मानले जाते. वर्गात प्रत्येकाला हे स्वतः करायला लावतात. खिडकीच्या चौकटीच्या तिरक्या रेषा त्या टाचणीकडे ओढल्या गेल्या की आपली नजर दूध ओतणाऱ्या हाताजवळ का रेंगाळते, ते समजावून सांगावे लागत नाही.

पुढची पायरी अंडरपेंटिंगची, आणि माझ्या मते सबंध वर्गातला सर्वांत चांगला शिकवला जाणारा भाग तोच आहे. पांढऱ्या कॅनव्हासवर आधी पातळ, उबदार तपकिरी-राखाडी अस्तर चढवतात. त्यावर रॉ अंबर आणि काळा एवढ्याच रंगांत सगळे चित्र केवळ उजेड आणि अंधार म्हणून उभे करायचे. या काळात रंगाचा विचार करायला बंदी असते. ज्यांनी शाळेत जलरंग वापरले आहेत त्यांना हा टप्पा विशेष जड जातो, कारण जलरंगात कागदाचा पांढरा राखून उजेडाकडून अंधाराकडे जायची सवय झालेली असते. येथे अंधार आधी बसवून उजेड मागाहून जाड रंगाने आणायचा असतो. वर्गात पिवळ्या जाकिटाची बाही आणि निळा ॲप्रन शेजारी शेजारी एकाच राखाडीत रंगवताना दोहोंपैकी गडद कोणता हे ठरवताना भल्याभल्यांची त्रेधा उडते. सर मग डोळे बारीक करून पाहायला सांगतात. हा उपाय प्रत्येक कलाशाळेत सांगितला जातो, पण त्याची खरी गरज काय, हे मला येथेच समजले.

याच टप्प्यावर सर २०२२ मध्ये राइक्सम्यूझियमने जाहीर केलेल्या संशोधनाची माहिती देतात. आधुनिक स्कॅनिंगमध्ये असे दिसून आले, की व्हर्मीरने स्त्रीच्या डोक्यामागे भिंतीवर सुरया टांगण्याची खुंट्यांची फळी आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एक विणलेली मोठी टोपली आधी घातली होती, आणि मग दोन्ही रंगाखाली झाकून टाकल्या. काळ्या रंगात झपाट्याने केलेले आधीचे रेखाटनही त्या तपासणीत दिसले. एरवी व्हर्मीर म्हणजे प्रत्येक कण जपून रंगवणारा संथ कारागीर अशी समजूत असते. त्याने घाईने खरडून पाहिले, नको ते पुसले आणि मग सावकाश वर चढत गेला, ही गोष्ट नवशिक्याला धीर देणारी आहे.

त्या पुसण्यातून जी भिंत उरली, ती या वर्गातली मोठी परीक्षा. दुरून ती पांढरी दिसते आणि जवळ गेल्यावर तिच्यात पांढरा जवळजवळ सापडत नाही. खिळे, उपटलेल्या खिळ्यांची भोके, पोपडे, ओलसर डाग यांनी ती भरलेली आहे. प्रकाश डावीकडच्या खिडकीतून येतो, म्हणून स्त्रीची उजळ बाजू भिंतीच्या काळसर भागावर येते आणि तिची सावलीतली बाजू भिंतीच्या उजळ भागावर. या अदलाबदलीमुळेच ती बाई इतकी घट्ट उभी वाटते. तिच्या सावलीच्या बाजूच्या कडेने व्हर्मीरने पांढऱ्या रंगाची अगदी बारीक रेषही ओढली आहे. ती एकदा दाखवली गेली की नंतर नजरेआड होत नाही. वर्गात भिंतीवर अनेक बैठका जातात आणि कंटाळून गळणारे विद्यार्थी याच सुमारास गळतात. एकदा शेजारच्या ईझलवर (चित्र टेकवण्याच्या घोडीवर) काम करणाऱ्या काकूंनी तक्रार केली, “सर, माझी भिंत मळकट दिसतेय.” सर मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मळकट नाही ताई, एकसारखी झालीय. खिळ्याच्या डावीकडे आणि उजवीकडे तुम्ही एकच रंग लावलाय. ब्रश ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं बघा.” त्यांच्या शिकवण्याचा सगळा ढंग या एका वाक्यात आला. ते विद्यार्थ्याच्या कॅनव्हासला सहसा हात लावत नाहीत. दुसऱ्या वर्गांत शिक्षकाच्या हातच्या चार फटकाऱ्यांनी चित्र सुधारते आणि घरच्यांना दाखवायला बरे होते. येथे ती सोय नाही आणि नसावीच.

निळ्या ॲप्रनविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण थरांचे तंत्र तेथेच डोळ्यांना सर्वांत स्पष्ट दिसते. व्हर्मीरने त्यासाठी नैसर्गिक अल्ट्रामरीन वापरले. ते अफगाणिस्तानातल्या बदख्शान भागातून येणाऱ्या लापिस लाझुली या रत्नाची पूड करून मिळवत आणि अतिशय महाग असे. एका मोलकरणीच्या ॲप्रनला असा रंग लावणे हे त्या काळच्या मानाने उधळेपणाचेच म्हणायचे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन तयार झाले, म्हणून आज आपल्याला तोच रंग साध्या ट्यूबमध्ये परवडतो. वर्गात ॲप्रनच्या घड्या आधी पांढरा मिसळलेल्या निळसर राखाडीत पूर्ण घडवतात, तो थर वाळू देतात आणि मग तिसऱ्या बाटलीतल्या तेलात कालवलेले शुद्ध अल्ट्रामरीन अगदी पातळ, काचेसारखे वरून पसरवतात. अशा पारदर्शक थराला ग्लेझ म्हणतात. हाताला मऊ ब्रश लागतो आणि मनाला संयम. पहिल्या ग्लेझनंतर फारसे काही बदलल्यासारखे वाटत नाही. दुसरा ग्लेझ पुढच्या आठवड्यात चढतो, तेव्हा सावलीतल्या घड्या एकदम आत सरकतात. ओल्या रंगात निळा आणि काळा एकत्र घोटून ही खोली कधीच येत नाही.

पिवळ्याची कथा उलटी आहे. व्हर्मीरच्या काळातला लेड-टिन येलो अठराव्या शतकात वापरातून गेला आणि विसाव्या शतकात रासायनिक तपासण्यांमधून त्याची पुन्हा ओळख पटली. वर्गात त्याऐवजी नेपल्स येलोच्या छटेत थोडा लेमन येलो घालतात. जवळ जाते, पण जाकिटाच्या उजेडातल्या भागाला मूळची कणीदार झळाळी येत नाही. पांढऱ्याचेही तसेच. जुने चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो उबदार, किंचित पारदर्शक आणि लवकर वाळणारा असतो. टायटेनियम व्हाइट थंड, झाकणारा आणि संथ. शिसे विषारी असल्यामुळे वर्गात तो वापरत नाहीत आणि तेच बरोबर आहे. विद्यार्थ्यांना हे कारण नीट सांगितले जाते, त्यामुळे आपली भिंत मूळच्या भिंतीइतकी ऊबदार का होत नाही याचा दोष कोणी स्वतःकडे घेत नाही.

साहित्याबाबत वर्गाचे धोरण समंजस आहे. कॅमलच्या विद्यार्थी दर्जाच्या ट्यूब अंडरपेंटिंगला चालतात, मात्र ग्लेझसाठी अल्ट्रामरीन आणि ॲलिझरिन क्रिमसन हे दोन रंग तरी आर्टिस्ट दर्जाचे घ्यायला सांगतात, कारण स्वस्त ट्यूबमधल्या भरीच्या द्रव्याने पारदर्शकता मारली जाते. डुकराच्या केसांचे दोन-तीन फिल्बर्ट (गोलसर टोकाचे चपटे ब्रश), एक मऊ चपटा ब्रश, पावावरच्या ठिपक्यांसाठी एक बारीक गोल ब्रश आणि पॅलेट नाइफ, एवढ्यात काम भागते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे समोर ठेवायला मिळणारे छापील चित्र. प्रत्येकाला लॅमिनेट केलेली रंगीत प्रत दिली जाते. ती चकाकते, ट्यूबलाइटचा उजेड नेमका ॲप्रनवर पडतो आणि दोन विद्यार्थ्यांच्या प्रती शेजारी ठेवल्या तर एकीतली भिंत पिवळसर, दुसरीतली हिरवट दिसते. ज्या वर्गात रंगछटेतला सूक्ष्म फरक पाहायला शिकवतात, त्या वर्गात हे चालवून घेणे अनाकलनीय आहे. राइक्सम्यूझियमने या चित्राची अत्यंत मोठ्या आकाराची प्रतिमा आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केली आहे. तिच्यावरून मॅट कागदावर एकाच छापखान्यातून सगळ्या प्रती काढणे अवघड नाही. काही जण स्वतःचा टॅब्लेट आणतात. पावाच्या कवचावरचे ठिपके, खिडकीची फुटलेली काच, भिंतीच्या तळाशी असलेल्या डेल्फ्टच्या टाइल्स असले तपशील मोठे करून पाहायला तो उत्तम आहे, पण त्याच्यावरून रंग जुळवू नये. पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि कॅनव्हासवरचा रंग केवळ परतवतो, म्हणून पडद्यावरच्या निळ्याचा पाठलाग करणारा विद्यार्थी पॅलेटवर निळा वाढवतच राहतो.

दुसरी उणीव हवेची. खोलीला उत्तरेकडे मोठ्या खिडक्या आहेत, त्यामुळे दिवसभर उजेड स्थिर राहतो आणि ईझल अशा रीतीने लावली आहेत की उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या हाताची सावली चित्रावर पडत नाही. ही मांडणी आदर्श म्हणावी. परंतु पावसाळ्यात झडीमुळे त्याच खिडक्या बंद होतात, पंखे मंद केले जातात आणि टर्पेंटाइनचा वास खोलीत कोंडतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी जून ते सप्टेंबर येथे येऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. गंधहीन थिनर वापरला तर वास कमी होईल, पण वायुवीजनाची गरज त्यानेही टळत नाही. एक्झॉस्ट पंखा बसवणे हा खरा उपाय. तेल पुसलेल्या चिंध्या एका उघड्या प्लास्टिकच्या बादलीत गोळा होतात, हेही खटकले. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. चुरगळून एकावर एक टाकलेल्या चिंध्यांमध्ये ती साठली तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. झाकणाचा पत्र्याचा डबा आणि त्यात पाणी, इतकीच व्यवस्था पुरेशी आहे. दमट हवेत वाळण्याचे गणितही बिघडते. एरवी आठवड्यात वाळणारा थर श्रावणात चिकटच असतो आणि वेळापत्रकाचा जो गुण वर सांगितला तो त्या काळात निम्मा होतो.

तिसरी तक्रार शेवटच्या टप्प्याची. वर्षअखेरीस वर्गाचे छोटेखानी प्रदर्शन असते आणि त्यासाठी ताज्या चित्रांवरही व्हार्निश चढवण्याची घाई केली जाते. तैलचित्र आतपर्यंत वाळायला सहा महिने ते वर्ष लागते आणि अंतिम व्हार्निश तोवर थांबायला हवे. प्रदर्शनापुरता रीटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा, हलका फवारा पुरेसा झाला असता. थरांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला वर्ग येथे असा ढिला का पडतो, ते कळत नाही.

प्रतिकृती करून शिकण्याविषयी आपल्याकडे एक नाराजीचा सूर असतो, विशेषतः ज्यांनी कलाशाळेचे तोंड पाहिलेले नाही त्यांच्यात. या परंपरेशी महाराष्ट्राचा संबंध मात्र जुना आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्यांतल्या बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले आणि त्यांतल्याही बऱ्याच प्रती लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. त्या विद्यार्थ्यांमधले पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. अजिंठ्याच्या अंधारात वर्षानुवर्षे रेषा उतरवणाऱ्या हाताला काय मिळते, ते त्यांच्या चित्रांतून दिसते.

परदेशातल्या संग्रहालयांत प्रत्यक्ष चित्रासमोर ईझल लावून प्रत करू देतात. पॅरिसच्या लूव्रमध्ये मात्र ती मूळ आकाराची असता कामा नये, मोठी किंवा लहान करावी लागते, म्हणजे कोणी ती मूळ म्हणून खपवू नये. वर्गात आकार तोच असल्यामुळे मागच्या बाजूला कॅनव्हासवर ‘व्हर्मीरवरून’ असे लिहून आपले नाव आणि साल घालण्याचा दंडक आहे. पुढच्या बाजूला सही करू देत नाहीत. ही शिस्त मला योग्य वाटते.

वर्ग जे शिकवत नाही तेही इच्छुकांनी जाणून घ्यावे. समोरच्या जिवंत माणसाला सपाट पृष्ठभागावर आणण्याचा सगळा गुंता व्हर्मीरने आधीच सोडवून ठेवलेला असतो. आकृती कोठे कापायची, सावली कोठे जोडायची, कोणती वस्तू काढून टाकायची, हे निर्णय आपल्या वाट्याला येत नाहीत. प्रत संपल्यावर एखाद्या नातलगाला खिडकीशी उभे करून तशाच उजेडात एक छोटे चित्र करवून घेतले असते, तर शिकलेले पक्के झाले असते. तशी योजना येथे नाही. तसेच, ज्यांचे रेखाटन कच्चे आहे त्यांना कार्बन कागदाने आकृती उतरवून देतात. त्यामुळे तुकडी एकत्र पुढे सरकते हे खरे, पण त्या विद्यार्थ्यांच्या स्त्रीचा खांदा पुढच्या थरात हळूहळू सरकतो आणि तो सावरायला त्यांच्याजवळ काही नसते. हात, मनगट, चेहरा यांचे रेखाटन निदान इंटरमीजिएटच्या पातळीचे असेल तरच येथे यावे. नसेल तर आधी काही महिने पेन्सिल आणि कोळसा यांवर घालवणे परवडेल.

आणखी एक सूचना वर्गाला करावीशी वाटते. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातील युरोपीय तैलचित्रे आहेत. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी गाठून तेथे पोचायला अर्धा दिवसही लागत नाही. जुन्या चित्राचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहिल्यावर जाड पांढरा कोठे उभा राहतो आणि ग्लेझ कोठे बसतो, ते एका भेटीत जितके कळेल तितके छापील प्रतीवरून वर्षभरात कळणार नाही. वर्गाची अशी एकही सहल होत नाही. मी ती स्वतःपुरती केली आणि इतरांनीही अंडरपेंटिंग संपण्याच्या सुमारास करावी.

शुल्क महिन्याला चार आकडी आहे. ठाण्यातल्या संगीताच्या चांगल्या शिकवणीइतकेच म्हणता येईल. कॅनव्हास, रंग आणि ब्रश यांचा खर्च निराळा, परंतु एकदाच होणारा. तुकडीत दहाच्या आसपास माणसे असतात आणि सर प्रत्येकापाशी निदान दोनदा थांबतात. कळवा, ऐरोली, डोंबिवलीहून येणारेही आहेत. स्टेशनपासून चालत येता येते, गाडी घेऊन आल्यास राम मारुती रस्त्याच्या बाजूला जागा मिळण्याची आशा ठेवू नये. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना अरुंद आहे, त्यामुळे ओले चित्र खाली उतरवताना ते धरण्याची दांडी लावलेली लाकडी पेटी वर्गातूनच मागून घ्यावी. चित्र घरी नेल्यावर कपाटात बंद ठेवू नये. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते आणि पावसाळ्यात कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर ते टांगावे. नवी तुकडी जूनमध्ये आणि दिवाळीनंतर अशी दोनदा सुरू होते. त्यांपैकी दिवाळीनंतरचीच घ्यावी: हवा कोरडी असते, खिडक्या उघड्या राहतात आणि ॲप्रनच्या ग्लेझपर्यंत पोचेतो थर वेळेवर वाळत आलेले असतात.